पान्हा

साउथलँडात ऑगस्ट म्हणजे गाई विण्याचे दिवस.
पावणेचारला उठायचं, गमबुटांत पाय घालायचे,
आतून ओलेच, कालचे,
आणि क्वाड बाइकच्या उजेडात
साडेचारशे गाईंना गोठ्याकडे वळवायचं.
कुंपणाच्या तारेवर गारठा पांढरा धरलेला.

कामाबद्दल माझी तक्रार नव्हती. हे आधीच सांगते,
कारण नंतर मटौरात सगळे म्हणाले, थंडी सोसली नाही तिला.
थंडी आमच्या घरात आजोबांपासूनची.
हात फुटतात, त्यावर कासेचं मलम चोळायचं,
हातही बरे होतात.

तक्रार होती गार्थ पुलरबद्दल.
तो मारत नव्हता, पगार बुडवत नव्हता,
गुरुवारी पैसे बरोबर खात्यात.
तो फक्त मागे येऊन उभा राहायचा.
फिरत्या चबुतऱ्यावर गाय समोर येते,
तिच्या सडांना चार कप लावायला मला सात सेकंद लागतात.
तो सेकंद मोजायचा.
मोठ्याने.

फळ्यावर लिहायचा, काल फाटक उघडं कोणी टाकलं?
कामाला आम्ही दोघंच, मी आणि टेविटा,
आणि फाटक त्यानेच उघडं टाकलेलं.
टेविटा फळ्यावरून जाताना टोंगन भाषेत काहीतरी पुटपुटायचा.
अर्थ विचारला तर म्हणे, प्रार्थना.
पण हसायचा.

चारशे सतरा नंबरची गाय मात्र काही लपवत नसे.
गार्थ आत आला की पान्हा चोरायची.
शेजारणींचं दूध नळ्यांतून धावत असायचं
आणि हिच्या नळीत नुसती हवा, फुर्र फुर्र.
तो गेला की पाठ सैल सोडून
असं दूध द्यायची की मला तिचा हेवा वाटे.
मी काय चोरणार होते?
बारा तासांचे बारा तास रोज देऊन बसलेली.

अकरा तारखेला एक पहिलारू चबुतऱ्यावर चढेना.
तिचं वासरू आदल्या दिवशी ट्रॉलीतून नेलं होतं,
ती मान वळवून त्या वाटेकडे बघत होती.
मागे रांग खोळंबली.
मी म्हटलं, एक.
दोन.
तीन.
चारला मला माझा आवाज ऐकू आला.

गार्थ गोठ्यात नव्हता.
तो इन्व्हरकार्गिलला गेला होता, टायर आणायला.
पण पलीकडे चारशे सतराने
पान्हा चोरला होता.

रात्री मी त्याच्या मागच्या दारात उभी राहिले.
जाते म्हटलं.
तो म्हणाला, वासरांच्या मोसमात?
मग म्हणाला, करारात चौदा दिवस आहेत.
मी चौदा दिवस दिले. गाईंची काय चूक?
तो एक शब्द बोलला नाही.
फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी एक आकडा असायचा:
तेरा. बारा. अकरा.
मोजल्याशिवाय त्याला माणूस दिसतच नसावं.
का, कोण जाणे. त्याचा बाप कसा होता
मला माहीत नाही, आणि ते शोधायचं काम माझं नाही.

शेवटच्या धारेला चारशे सतराच्या पाठीवर हात ठेवला.
तिने मान वळवली नाही. रवंथ चालू.
बरोबरच आहे.

टेविटाने मला मोरागच्या घरी सोडलं,
माझी बहीण, दोन मुलं, नदीकाठी भाड्याचं घर.
वाटेत तो त्या प्रार्थनेचा खरा अर्थ सांगत होता,
तो इथे लिहिता येणार नाही.
गमबूट मी व्हरांड्यात उलटे टाकले.

मोरागने किटली ठेवली.
काही विचारलं नाही. पैशांचं नाही, पुढचं नाही.
फक्त पाठमोरीच म्हणाली, साखर किती घालू?
किती हवी तितकी, म्हणायला तोंड उघडलं मी
आणि जे काही महिनोन्महिने आत धरलं होतं
ते त्या स्वयंपाकघरात, ओल्या मोज्यांवर उभ्या उभ्या
सुटलं.
तिने चहा झाकून ठेवला.
खुर्ची ओढून शेजारी बसली,
घड्याळाकडे तिची पाठ होती.