नववी पायरी

एकोणतीस वर्षं गुन्वोरनं बर्गनच्या चढांवर
टपाल वाटलं.
कुठल्या गल्लीला किती पायऱ्या, अजून तोंडपाठ;
गुडघ्यांना तर त्याहून पाठ.

आता माझ्या टेबलावर, पँट मांडीपर्यंत गुंडाळून,
डोळ्यांवर हिरवा चष्मा.
लेझरचं टोक मी वाटीच्या कडेला टेकवते,
एकेका जागी मिनिटभर.
झालं का सुरू?
झालं.
काहीच दिसत नाही की.
हा उजेड दिसत नसतो, गुन्वोर.
ती छताकडे बघत म्हणते,
बंद पाकिटासारखं. आत काय होतं,
वाटणाऱ्याला कुठं कळायचं.

मग खुर्ची.
हात छातीशी. ऊठ, बस. दहा वेळा.
सातव्याला ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते,
आठव्याला माफी मागते,
नववं गाळून थेट दहा म्हणते.
नववं मी परत करून घेते.

पाचव्या आठवड्यात विचारलं, एवढी घाई कसली?
म्हणाली, शनिवारी अकॉर्डियन आहे सभागृहात.
आयविंडनं विचारलंय.
वय त्र्याहत्तर,
आणि झिजल्या गुडघ्याला बाशिंग!

उजेडानं किती, खुर्चीनं किती,
मला वाटून सांगता येणार नाही.
खिडकीतून दिसतात ओल्या दगडी पायऱ्या.
चढण्याहून उतरणंच वाईट असतं.
तिचा हात कठड्याच्या जवळून, न टेकता, खाली चाललाय.
नववी पायरी ती दोनदा उतरते,
मी बघतेय हे ठाऊक असल्यासारखी.