ढाबळ क्रमांक सात

हुकूम फॅक्सवर आला.
कागद मध्येच अडकला,
आणि आम्हांला बरखास्त करणारं वाक्य
मला यंत्राच्या जबड्यातून चिमट्यानं ओढून काढावं लागलं.

संदेशवहन दल, पक्षी विभाग.
संख्याबळ दोनशे बारा,
सगळे पंखवाले, मी सोडून.
मी उर्सिना काफ्लिश, दाणेवाली,
हुद्दा: मदतनीस, श्रेणी दुसरी.

दलाचा इतिहास विचाराल तर वह्यांत आहे.
पहिली वही माझ्या आधीच्या गिओन देरुंग्सची,
अक्षर मुंगळ्यांच्या रांगेसारखं.
खिंडीपलीकडे युद्ध पेटलेलं असताना
त्यानं रोज लिहिलंय: वारा, ढग, सुटली किती, आली किती.
शत्रू आला नाही. ससाणा आला.
मयतांच्या रकान्यात पानंच्या पानं ससाणा.
मग नुसता सराव. पन्नास वर्षं सराव.
"निळ्या फौजेनं पूल घेतला"
असले खोटे निरोप खऱ्या पायांना बांधून
आम्ही डोंगरावरून सोडत राहिलो.
पाखराला काय,
खरं आणि खोटं सारख्याच वजनाचं.

एकदाच खरा आला.
हिमकडे कोसळले, तारा तुटल्या,
रेडिओचा मनोरा आडवा झाला.
तीन दिवस वरच्या वस्तीचा सांगावा नाही.
सरावासाठी चार पाखरं तिथं नेलेली होती, एवढंच.
चौथ्या दुपारी ढाबळीच्या दाराची पितळी घंटी वाजली.
एकशे एकोणचाळीस, राखी मादी,
छातीवर रक्त गोठलेलं,
नळीत सिगारेटचा कागद:
"एकोणीस जण. भाकरी पुरेल.
बाई अडली आहे. डॉक्टर."
नियम असा की आधी वेळ लिहायची, मग वाचायचं.
दोन वाजून सहा मिनिटं, असं लिहिलं मी.
त्या सहाचं पोट अजून वाकडं दिसतं.

मूल जगलं.
आता खालच्या गावात छपरं शाकारतं,
आणि कबुतरं कौलं घाण करतात म्हणून
त्यांना दगड मारतं.

तर लिलाव. शनिवारी.
शर्यतवाले आले, एक जादूगार आला,
एक बाई रिकामा हंडा घेऊन आली,
तिला मी एकही दिलं नाही.
पावत्या, शिक्के, सह्या.
कप्तान त्शुद्दी टोपी काढून म्हणाला,
"आता उपग्रह आहे, उर्सिना."
मी म्हटलं, "तो संध्याकाळी घरी येतो का?"
तो हसला. चांगला माणूस होता.
वह्या मात्र सगळ्या गाडीत घालून घेऊन गेला.

रिकाम्या ढाबळीला वास तोच असतो,
आवाज नसतो.
दोन महिने मी तिथं झाडू मारत होते,
का, ते विचारू नका.

मग एका सोमवारी, अजून उजाडायचं होतं,
घंटी.
मी अंथरुणातच म्हटलं, वारा असेल.
पुन्हा घंटी.
नव्या मालकांनी पहिल्यांदाच मोकळं सोडलं असणार.
त्यांना पत्ता एकच पाठ,
आणि हुकूम कुणी वाचून दाखवलेला नव्हता.
पायांत नळ्या नाहीत, कागद नाही,
कुणाचं काहीही सांगायचं नाही,
नुसती येत होती, आपापल्या खणात बसत होती,
शेजारणीला चोच मारत.

बुधवारी मी मक्याच्या पोत्यावरची चिठ्ठी फाडली,
तिच्या पाठीवर रेघा मारल्या.
वारा: दक्षिणेचा. ढग: थोडे.
सुटली: माहीत नाही.
आली: एकसष्ट.
निरोप, या रकान्यात काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.
आणि मका उद्यापुरताच आहे.