एकशेसाठ गाळे

डिसेंबर लागला की मले काम लागते.
सिव्हिल लाइन्समधले एकशेसाठ गाळे
वर्षभर कुलपात, आत फक्त पाली राहतात.
मंग अधिवेशन येते. चुना, फिनाईल, नवे गिझर.
गाद्या पोहोचवायचं कंत्राट रज्जाक मन्सुरीचं,
डोकं माझं.

तीनशे वीस गाद्या.
एका खेपेत दोन. जिने उभे.
दहाव्या खेपेनंतर कापूसही
मानेशी दगडाच्या भाषेत बोलते.

त्याच आठवड्यात तिकडं
बर्डीच्या पुलाखालून आमाले उठवतात.
"पाहुणे येऊन राहिले ना बे," शिपाई म्हणते.
वाईट नाई तो. दांडक्यानं
पातेलं फक्त बाजूले सारते.
फुलवंती पातेलं उचलते, पोट्ट्याले उचलते,
आणि नाग नदीच्या काठी पंधरा दिवस.
पारा आठवर.
आठ म्हणजे किती, ते पोट्टं दातांनी मोजते.

यंदा घरांचा कायदा होता.
सत्त्याण्णव नंबरातला बाबू, मुंबईचा,
थंडीनं पार आंबलेला,
म्हणाला, अजून एक रजई मिळेल का?
नेऊन दिली.
"राहतोस कुठं?"
"इथंच, जवळच."
खोटं नव्हतं.

शेवटच्या दिवशी झाला पास,
आवाजी मतदानानं, जेवायच्या सुट्टीआधी.
डिक्कीत संत्र्याच्या पेट्या कोंबून
गाड्या विमानतळाकडं निघाल्या.
मी गाद्या गोळा करायले गेलो.
सत्त्याण्णवची खाट लंगडी होती,
तिच्या एका पायाखाली, चार घड्या घालून,
विधेयक.

सातवी शिकलो मी. रात्री पुलाखाली परतल्यावर
खांबाच्या उजेडात फुलवंतीले वाचून दाखवलं.
"बेघर म्हणजे अशी व्यक्ती,
जिच्या डोक्यावर कोणतेही पक्के छत नाही."
ती वर पाहत राहिली.
पुलावरून एक ट्रक गेला, धूळ झडली.
"पक्कं तं हाय," म्हणाली. "सिमेंटचं."
"मंग?"
"मंग आपण यात नाई."
आणि हसली, पदर तोंडात घालून, पोट्टं उठेल म्हणून.
मी नाई हसलो.
बराच वेळ खालची कलमं चाळत राहिलो,
तथापि, विहित केल्याप्रमाणे, परंतु असे की,
एखाद्या "परंतु"त आमची चटई मावते का पाहत.

गाद्या मोजल्या तं चांगल्या तीनशे एकोणीस.
एकीले सिगारेटचं भोक.
मन्सुरी म्हणाला, जळकी आता कोण घेते?
चारशे कापतो तुझे, घेऊन जा.

मधोमध खोलगट झाली आहे ती.
कुण्या साहेबाची पंधरा दिवसांची पाठ.
पोट्टं त्या खड्ड्यात बरोबर बसलं,
गुडघे पोटाशी घेऊन,
पाहता पाहता झोपलं.

गाळ्यांना कुलपं लागली.
चाव्यांचा जुडगा चौकीदार नगराळेच्या कमरेले.
पाळी संपली की तो पुलाखालूनच घरी जाते,
जुडगा वाजत जाते.
आवाज ऐकू येतो तोवर
फुलवंती बोलत नाई.