रिन्यू

संकेश्वरात, स्टँडामागच्या बोळात
मक्तुमसाब नदाफांच्या पत्र्यावर दोन ओळी:
वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हींत एकच शब्द सारखा, रिन्यू.
पेंटर म्हणाला होता म्हणे,
ह्याला तरी कुणी काळं फासणार नाही.

मी आईची गादी काट्यावर टाकली.
साडेसोळा किलो.
‘रिन्यू म्हणजे काय करतासा?’
‘फोडायचं, पिंजायचं, भरायचं.
कापूस तुमचाच.’
‘मग नवीन काय?’
‘खोळ. आणि वारं.’

मशीन धडधडलं.
भुरा उडून समोरच्या रिक्षाच्या टपावर बसला.
कापसातून निघाल्या दोन सरक्या,
अण्णांच्या सदऱ्याचं एक बटण.
ते त्यांनी पुडीत बांधून दिलं,
वजनात धरलं नाही.

संध्याकाळी गादी घरी आली,
निळ्या पट्ट्यांची, टम्म फुगलेली.
आई डाव्या कडेलाच निजली.
उजवीकडं अण्णांचा खड्डा होता,
सहा वर्षं तिथं
ती चादर कधी ताणून घालत नसे.

रात्री दोनला दिवा लागला.
हातानं ती चाचपत होती,
इकडून तिकडं, सगळं सपाट.
मला बघून म्हणाली,
‘चांगलं केलंय की त्यानं.
जरा उंच झालंय, एवढंच.’