सायीला भोकं

शेरी नाल्यात बादली सोडताना
दिलशाद नाकाला ओढणी लावत नाही.
वास येतो तेच पाणी कामाचं, म्हणते.

मिरजेच्या लॅबमध्ये बशीभर जंतू,
दाट, सायीसारखे,
वॉर्ड सातमधल्या म्हाताऱ्याच्या पायातले,
कुठल्याच इंजेक्शनला न जुमानणारे.
त्यांच्यावर नाल्याचा एक थेंब, गाळलेला.

सकाळी सायीला भोकं.
टाचणीच्या डोक्याएवढी, लख्ख.
मोजली मी: एकेचाळीस.

पुन्हा केलं. नऊ.
तिसऱ्यांदा
जंतू खुशाल.

वहीत तिन्ही आकडे चढवले,
शाईनंच.

संध्याकाळी म्हातारा पट्टी सोडवून घेताना,
"कुठवर आलं तुमचं?"
"नाल्यापर्यंत," दिलशाद म्हणाली.
तो हसला. पाय तसाच ओला.

जिन्यात ती मला म्हणाली,
उद्या धोबीघाटाच्या वरच्या अंगाला भरू.
तिथं वास जास्त आहे.