धसकटातली गाडी

त्रेलेवचा पार्टवाला भाव पेन्सिलीने लिहितो.
पूर्वी शाई होती. मध्ये काही वर्षं खडू.
आता पेन्सिल कानावर, खोडरबर अंगठ्याखाली.
वॉटर पंपाची किंमत विचारली की
आधी खिडकीबाहेर बघतो,
वारा कुठून येतोय ते पाहावं तसा.

मी नोटा मोजत होते तेवढ्यात फोन वाजला.
“सेन्योरा,” म्हणाला, “पंप वाढला.”
पंप तिथेच होता, फळीवर, त्याच धुळीत,
बोटभरही उंच झाला नव्हता.

नवी गाडी घ्यायचं मीही ठरवलं होतं.
पांढरी, चार दारांची, चौऱ्याऐंशी हप्त्यांची.
कागदातला फोटो कापून फ्रिजवर लावला.
पहिला हप्ता म्हणजे लसूणघासाचे बारा गठ्ठे,
अकरावा तीस,
एकोणिसाव्याला मी गठ्ठे मोजायचं सोडलं.
गाडी दारात यायच्या आधीच
हप्ते रस्त्याला लागले होते, भरधाव.
फोटो अजून आहे. त्यावर विजेचं बिल.

म्हणून ही.
रास्त्रोहेरो, एकाहत्तरची, डिझेल.
नावातच धसकट आहे:
कापणी झालेल्या रानातून, खुंटांवरून
दमानं जाणारी.
इव्होरने, माझ्या भावाने, बटाट्यांवर घेतली होती.
सगळ्या शेताच्या बटाट्यांवर, पण एकाच हंगामाच्या.
हे मी गायमानच्या पोरांना सांगते
तेव्हा ती भुताची गोष्ट ऐकावी तशी गप्प होतात.

साठच्या वर गेली की दारं बोलायला लागतात.
मी ऐकते. पन्नासवर येते.
रात्री पाटाच्या उतारावर लावते, तोंड खाली करून,
सीटमागे पाण्याच्या चार बाटल्या.
जुलैत, गारठ्यात, बॅटरी काढून घरात आणते,
चुलीपासून हातभर लांब.
मांजर तिच्यावर झोपतं.

पंप शेवटी अंसेल्मो अंतिलेओने केला.
दांडा लेथवर काढला, सील धुण्याच्या यंत्राचं,
गॅस्केट एका मेलेल्या बुटाच्या चामड्यातून.
“दोन्या एलुनेद, हे दुखणं नाही, वय आहे,” म्हणाला,
आणि माझ्याकडे बघणं टाळलं.
मजुरी किती?
“पैसे असतील तर आजच. कोकरू असेल तर कधीही.
कोकराचा भाव रातोरात बदलत नाही.”
बदलतो.
आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.
दोघंही माते पीत बसलो, एकच कप, आळीपाळीने.

मग शनिवारी तो आला, पातळ बुटांचा,
ब्युनोस आयर्सहून, भाड्याच्या गाडीतून.
बिअरचं दुकान काढतोय, दारात ही हवी.
“इंजिन नको, बाई. आत बर्फ भरू, वर बाटल्या.
हा गंज मात्र असाच राहू द्या, गंज सुंदर आहे.”
फोनवर आकडा दाखवला. डॉलरमध्ये.

मी लगेच नाही म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू.
छपराचे पत्रे मोजले. डावीकडची दाढ मोजली.
डिझेलची उधारी मोजली, दोनदा.
मग विचारलं, सोमवारी घास कशातून नेऊ?
“दुसरी घ्या ना.”
दुसरी कुठली, म्हटलं.
तो रस्त्याकडे बघत राहिला,
जणू तिथून एखादी येईल.
पॉपलरची पानं उडत गेली, दुसरं काही नाही.

फ्रिजवरचा फोटो काढला, उलटा केला,
पांढऱ्या गाडीच्या पाठीवर माझा आकडा लिहिला.
पेन्सिलीने.
त्याने वाचला, हसला, मग हसायचा थांबला.
“उद्या येऊन विचार करून सांगतो.”
या की, म्हटलं. उद्या वेगळा असेल.

त्याची गाडी आवाज न करता गेली.
ऊन उतरत होतं. मी पाना घेतला,
टर्मिनल सैल केले, आधी काळा, मग लाल,
बॅटरी पोटाशी धरून आत आले.
जड झालीये अलीकडे,
की मीच.
मांजर आधीच जागेवर येऊन बसलं होतं.