पोकळी

वीबे चीज तपासतो. बोटाचं पेर
चाकावर टकटक करून सांगतो,
आत कुठे पोकळ राहिलंय.
आज मी त्याच्या गालफडावर तेच केलं.
कळवळला, मग हसला:
"काय म्हणतंय? पिकलंय?"

चीजमध्ये नको ती पोकळी
गालाच्या हाडात हवीच असते.
त्याची भरून गेली होती.

सहावा दिवस. ताप नाही.
मिठाचं पाणी, म्हटलं, आणि थांबणं.
थांबण्याची चिठ्ठी लिहून देता येत नाही,
रोगी रिकाम्या हाताने जातो.
"माझं पोट नाकावर चालतं, हिल्त्ये,"
एवढंच बोलून सायकल ढकलत
हार्लिंगनच्या धक्क्यावरच्या वाऱ्यात गेला.

बाराव्या दिवशी परत. मधले दोन दिवस बरा होता,
मग डावी बाजू ठणकून उठली,
वाकलं की वरचे दात हलल्यासारखे,
ताप एकोणचाळीस.
आता लिहिलं अमॉक्सिसिलिन.
बरं वाटलं तरी अर्ध्यात सोडू नकोस.

चौथ्या रात्री उशिरा फोन:
"आला वास!"
चीजचा?
"नाही गं, माझ्या कोटाचा.
इतके दिवस तुम्ही कुणी
बोलला कसे नाहीत?"